दोन नोंदवह्यांतील एक माणूस : भरती-प्रणाली आणि ग्राहकसंबंध-प्रणाली यांच्या जोडणीचा भाषिक विचार

१. विषयप्रवेश

व्यवहारातील एखादे काम यंत्राकडे सोपविले की त्या कामातील भाषिक प्रश्न संपले, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः ते प्रश्न संपत नाहीत. ते दृष्टीआड होतात, आणि दोन यंत्रप्रणाली एकमेकींशी जोडावयाची वेळ आली की पुन्हा वर येतात. नोकरभरतीची प्रणाली आणि ग्राहकसंबंध-व्यवस्थापनाची प्रणाली यांची जोडणी हे याचे चांगले उदाहरण होय. ही जोडणी संगणक-अभियंत्यांच्या कामात मोडते हे उघड आहे. तथापि तिच्यात जे निर्णय घ्यावे लागतात त्यांपैकी दोन मुळात भाषेचे आहेत. एका प्रणालीतील संज्ञा दुसरीतील कोणत्या संज्ञेच्या जागी ठेवावी, हा पहिला. आणि दोन ठिकाणी आलेली नावे एकाच व्यक्तीची आहेत असे केव्हा म्हणावे, हा दुसरा. या दोन निर्णयांचे स्वरूप, आणि ते चुकल्यास त्याची किंमत कोणास द्यावी लागते, यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भरती-प्रणाली म्हणजे रिकाम्या जागेची जाहिरात, आलेले अर्ज, त्यांची छाननी, मुलाखती आणि नेमणूक यांची क्रमवार नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर. ग्राहकसंबंध-प्रणाली, जी व्यवहारात 'सीआरएम' या आद्याक्षरांनी ओळखली जाते, ती ग्राहकसंस्था, तेथील परिचित अधिकारी, त्यांच्याशी झालेली बोलणी आणि मिळू शकणारी कामे यांची नोंद ठेवते. ज्या संस्था इतर कंपन्यांसाठी माणसे शोधून देतात, आणि ज्यांना शहरी बोलीत 'कन्सल्टन्सी' किंवा 'प्लेसमेंट एजन्सी' म्हणतात, त्यांना या दोन्ही प्रणालींची गरज असते. मोबदला देणारी कंपनी ही त्यांची ग्राहक; नोकरी शोधणारा हा त्यांचा उमेदवार. कंपन्यांशी बोलणारे कर्मचारी एका प्रणालीत काम करतात, उमेदवारांशी बोलणारे दुसरीत. दोहोंत जोड नसेल तर एकच मागणी दोनदा लिहावी लागते, कंपनीने रद्द केलेल्या जागेसाठी मुलाखती चालू राहतात, आणि किती उमेदवार पाठविले या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी फोनाफोनी करावी लागते. जोडणीची आवश्यकता यातून उत्पन्न होते, आणि ती यथार्थ आहे.

२. संज्ञा आणि त्यांचे मूल्य

सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांनी ठरते, हा त्यांतील एक प्रमुख विचार. फ्रेंचमधील 'मुताँ' हा शब्द मेंढी आणि तिचे मांस या दोहोंस लागतो. इंग्रजीत 'शीप' आणि 'मटन' असे दोन शब्द असल्यामुळे त्यांपैकी एकाचेही मूल्य 'मुताँ'इतके राहत नाही. तोच 'मटन' शब्द मराठीत 'मटण' होऊन आला तो बहुधा बोकडाच्या मांसासाठी. शब्द एक भासला तरी व्यवस्था बदलली की मूल्य बदलते.

सॉफ्टवेअरमधील नोंदींचे प्रकार हा असाच एक लहानसा शब्दसंग्रह असतो. 'सेल्सफोर्स' ही १९९९ साली स्थापन झालेल्या कंपनीची ग्राहकसंबंध-प्रणाली पाहिली तर तिच्यात 'लीड', 'अकाउंट', 'कॉन्टॅक्ट' आणि 'अपॉर्च्युनिटी' असे चार प्रमुख प्रकार दिसतात. अद्याप पारख न झालेली व्यक्ती म्हणजे 'लीड'. ज्या संस्थेशी व्यवहार आहे किंवा व्हावा अशी इच्छा आहे ती 'अकाउंट'. त्या संस्थेतील परिचित माणूस 'कॉन्टॅक्ट'. आणि मिळू शकणारे काम 'अपॉर्च्युनिटी'. 'लीड'ची पारख झाली की तिचे रूपांतर होऊन तिच्यापासून 'अकाउंट' आणि 'कॉन्टॅक्ट' या नोंदी तयार होतात. चारही संज्ञांच्या मुळाशी विक्रीची दृष्टी आहे. उलटपक्षी 'ग्रीनहाउस' या भरती-प्रणालीत 'कँडिडेट' म्हणजे व्यक्ती आणि 'अ‍ॅप्लिकेशन' म्हणजे त्या व्यक्तीचा एका विशिष्ट जागेसाठी केलेला अर्ज, अशा दोन निराळ्या नोंदी असतात. एकाच व्यक्तीचे तीन अर्ज असू शकतात. एक नाकारलेला, एक विचाराधीन आणि एक तिने स्वतः मागे घेतलेला.

आता जोडणी करणारा प्रथम काय करतो? तो दोन्हींकडील रकाने पाहतो. 'कँडिडेट'लाही नाव, दूरध्वनी आणि ईमेल आहे, 'कॉन्टॅक्ट'लाही आहे. तेव्हा एकाच्या जागी दुसरा ठेविला जातो. रूपाच्या दृष्टीने हे भाषांतर निर्दोष वाटते. मूल्याच्या दृष्टीने ते घातक आहे. 'कॉन्टॅक्ट' हा सामान्यतः कोणत्या तरी संस्थेचा असतो. उमेदवाराची संस्था कोणती, असा प्रश्न यंत्रापुढे आला की त्याच्या अर्जातील 'सध्याची नोकरी' हा रकाना उत्तरादाखल हाताशी असतो. अशा रीतीने जी कंपनी सोडून जावी असे त्या माणसाच्या मनात आहे, तिचाच तो प्रतिनिधी म्हणून नोंदला जातो. पुढे विक्री-कर्मचारी त्या कंपनीतील परिचितांची यादी काढतो आणि तिच्यातील प्रत्येकास पत्र पाठवितो. उमेदवाराने गुप्तपणे केलेला अर्ज त्याच्या वरिष्ठांच्या कानी जाण्यास एवढे पुरेसे आहे.

संज्ञांचा आणखी एक घोटाळा येथे नोंदविला पाहिजे. भरतीच्या क्षेत्रात 'सीआरएम' हीच आद्याक्षरे 'कँडिडेट रिलेशनशिप मॅनेजमेंट' याही अर्थाने वापरली जातात. ज्यांची आज निवड झाली नाही, परंतु उद्या लागू शकतील, अशा उमेदवारांशी संबंध टिकवून ठेवण्याची ती व्यवस्था. यास्तव 'सीआरएम जोडून द्या' या आज्ञेचे दोन अर्थ संभवतात, आणि बैठकीस बसलेली दोन माणसे दोन निरनिराळे अर्थ मनात धरून एकमत झाल्याचे समाधान मानू शकतात. त्यामुळे रकान्यांची सारणी करण्यापूर्वी संज्ञांचा कोश करावा. प्रत्येक संज्ञेची व्याख्या, तिची शेजारीण संज्ञा, आणि ती कोणास लागू पडत नाही, हे तीन मुद्दे त्यात असावेत.

३. नाव आणि व्यक्ती

दुसरा प्रश्न ओळखीचा. आपल्या व्याकरणपरंपरेत 'सामानाधिकरण्य' ही एक उपयुक्त संकल्पना आहे. दोन शब्दांची प्रवृत्तिनिमित्ते, म्हणजे ते ज्या कारणाने वस्तूस लागू पडतात ती कारणे, भिन्न असूनही ते एकाच वस्तूचा निर्देश करतात तेव्हा त्यांच्यात सामानाधिकरण्य असते. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात फ्रेगे यांनी १८९२ साली पहाटेचा तारा आणि सायंतारा यांच्या उदाहरणाने हाच प्रश्न मांडला. दोन्ही नावांनी निर्देश शुक्राचाच होतो, परंतु ते एक आहेत हे केवळ नावांच्या अर्थावरून कळत नाही. त्यासाठी आकाशाचे निरीक्षण करावे लागले. भरती-प्रणालीतील उमेदवार आणि ग्राहकसंबंध-प्रणालीतील परिचित अधिकारी एकच आहेत हे विधानही याच जातीचे आहे. त्यास पुरावा लागतो.

विखुरलेल्या नोंदी एका व्यक्तीच्या नावे जुळविण्याच्या कार्यास हॅल्बर्ट डन यांनी १९४६ साली 'रेकॉर्ड लिंकेज' असे नाव दिले. प्रत्येक माणसाच्या आयुष्याचा जणू एक ग्रंथ असतो, त्याची पाने निरनिराळ्या कार्यालयांत पडलेली असतात, आणि ती एकत्र बांधणे हे या कार्याचे प्रयोजन, अशी त्यांची कल्पना होती. मराठी नावांच्या बाबतीत ही बांधणी किती अवघड आहे ते पाहू.

नावांच्या ध्वनिसाम्यावर आधारलेली 'साउंडेक्स' ही पद्धती जुनी आहे. रॉबर्ट रसेल यांना तिच्या मूळ रूपासाठी अमेरिकेत १९१८ साली एकस्व मिळाले, आणि पुढे तिचे सुधारलेले रूप तेथील जनगणनेच्या सूची करण्यास वापरले गेले. नावाचे पहिले रोमन अक्षर तसेच ठेवावयाचे, स्वर गाळावयाचे, आणि उरलेल्या व्यंजनांचे सहा गट करून तीन अंकांचा संकेत तयार करावयाचा, असा तिचा नियम. 'चौधरी' हे आडनाव रोमन लिपीत चारपाच तऱ्हांनी लिहिले जाते. साउंडेक्स त्या बहुतेकांना 'सी ३६०' हा एकच संकेत देते. येथे पद्धती यशस्वी होते. परंतु 'वाघ' हे आडनाव कोणी 'डब्ल्यू'ने लिहितो, कोणी 'व्ही'ने. 'फडके' कोणी 'पी-एच'ने लिहितो, कोणी 'एफ'ने. पहिले अक्षर बदलताच संकेत बदलतो आणि एका माणसाचे दोन होतात. 'जाधव' हे आडनाव विदर्भात पुष्कळदा 'व्ही'ऐवजी शेवटी 'ओ' घालून लिहिले जाते. तेथेही 'जे ३१०' आणि 'जे ३००' असा भेद पडतो. याच्या उलट पाटील, पटेल आणि पाटोळे ही तीन पृथक् आडनावे 'पी ३४०' या एकाच संकेतात येतात. काळे आणि काले यांतील भेद तर रोमन लिपीत जातानाच नाहीसा होतो. कोणतीही पद्धती तो परत आणू शकत नाही.

देवनागरीत नोंद ठेवली म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. युनिकोड संकेतात देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. 'गोऱ्हे' किंवा 'कुऱ्हाडे' या आडनावांत 'र'चे जे आडवे रूप येते ते लिहिण्याचे या संकेतात दोन मार्ग आहेत. एकात त्यासाठी स्वतंत्र वर्ण व हलन्तचिन्ह वापरतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्तचिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांस न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र त्या दोन निराळ्या अक्षरमालिका आहेत, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही त्या एकरूप होत नाहीत. शोध घेणारा कर्मचारी समोर दिसणारेच नाव टंकतो आणि 'नोंद नाही' असे उत्तर त्यास मिळते.

नावाची घडण हाही एक विषय आहे. मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम रूढ आहे. अर्जांच्या नमुन्यांत पुष्कळदा आडनाव प्रथम येते. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा चार पदांचा क्रम शासकीय दस्तऐवजांसाठी ठरविला आहे. या मुलांचे अर्ज भरती-प्रणालींत येऊ लागतील तेव्हा मधल्या नावाच्या एका रकान्यात दोन पदे बसवावी लागतील. विवाहानंतर ज्या स्त्रियांचे नाव बदलते त्यांची अडचण तर आजची आहे. पदवीचे प्रमाणपत्र एका नावाने, नंतरचा अनुभव दुसऱ्या नावाने. नावावर विसंबून केलेल्या जोडणीत अशा स्त्रीच्या दोन नोंदी होतात, आणि दोहोंपैकी प्रत्येक नोंद तिच्या पात्रतेचा अर्धा भागच दाखविते.

ईमेल आणि मोबाइल क्रमांक हे नावापेक्षा भरवशाचे मानले जातात, आणि बव्हंशी ते खरे आहे. तथापि एका घरातील दोन भावंडे एकच क्रमांक देतात, बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्याच ग्राहकास मिळतो, आणि तोच दहा अंकी क्रमांक कोणी शून्य लावून लिहितो, कोणी एक्क्याण्णव लावून. तेव्हा ही साधने पुरावा म्हणून घ्यावीत. निर्णय म्हणून नव्हे.

४. संभाव्यतेचा आधार

पुराव्याचे वजन कसे करावे याची शास्त्रीय मांडणी उपलब्ध आहे. हॉवर्ड न्यूकम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली कॅनडातील जन्म व विवाह यांच्या नोंदी यंत्राने जुळविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ साली तिला गणिती सिद्धान्ताचे रूप दिले. तिचे मर्म सोपे आहे. दोन नोंदींत आडनाव जुळले, तर ते जुळणे खऱ्या जोडीत किती संभवते आणि अनोळखी माणसांत योगायोगाने किती संभवते, यांचे गुणोत्तर पाहावयाचे. 'पाटील' जुळले तर त्याचे वजन थोडे; एखादे विरळ आडनाव जुळले तर त्याचे वजन पुष्कळ. सर्व रकान्यांची वजने एकत्र करून नोंदींच्या जोड्यांचे तीन वर्ग करावयाचे : निश्चित जुळणाऱ्या, निश्चित न जुळणाऱ्या, आणि मधल्या.

मधला वर्ग हा या सिद्धान्ताचा सर्वांत मोलाचा भाग होय. त्यातील जोड्या माणसाने तपासाव्या असे तो सांगतो. व्यवहारात वेळ वाचविण्यासाठी हाच वर्ग काढून टाकण्याचा मोह होतो. एक सीमा ठरवावयाची, तिच्या वरचे सर्व एक करावयाचे आणि खालचे सर्व वेगळे ठेवावयाचे. असे केल्याने संशय नाहीसा होत नाही. तो केवळ नोंदविला जात नाही, आणि पुढे वाचणारा त्या नोंदीस निश्चित मानतो.

५. जोडणीची रचना

वरील विवेचनावरून रचनेविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. प्रत्येक प्रणाली आपल्या नोंदीस एक ओळखक्रमांक देते. तो अर्थहीन असतो, आणि म्हणूनच टिकाऊ असतो. नाव बदलले, नोकरी बदलली, तरी तो बदलत नाही. दोन्हींकडील क्रमांकांची एक स्वतंत्र सारणी ठेवावी. तिच्या प्रत्येक ओळीत दोन क्रमांक, त्या दोहोंतील नाते, ते कोणत्या पुराव्यावर, कोणी आणि केव्हा ठरविले, एवढे असावे. नोंदी विलीन करण्यापेक्षा त्या अशा रीतीने जोडणे श्रेयस्कर होय. जोड तोडता येते; विलीन झालेल्या नोंदींतील कोणता मजकूर कोणाचा होता हे मागाहून सांगणे दुर्घट असते.

दुसरे असे की, प्रत्येक रकान्याचा एकच मालक असावा. कंपनीचे नाव, करार आणि मोबदला यांबाबत ग्राहकसंबंध-प्रणालीचे म्हणणे प्रमाण. अर्जाची अवस्था आणि मुलाखतीची तारीख यांबाबत भरती-प्रणालीचे. दोन्हींना सर्व काही बदलण्याची मुभा दिली तर एकीकडील बदल दुसरीकडे जातो, दुसरी त्यास नवा बदल समजून परत पाठविते, आणि प्रतिध्वनीसारखा हा व्यवहार चालू राहतो. यास्तव प्रत्येक बदलाबरोबर तो मूळ कोठे झाला याची खूण पाठविली पाहिजे. तसेच, जाळ्यातील बिघाडामुळे तोच निरोप दुसऱ्यांदा आला तर तो जुनाच आहे हे ओळखण्याची सोय हवी. एरवी एका जागेच्या दोन जागा होतात.

तिसरी गोष्ट मर्यादेची. ग्राहकसंबंध-प्रणालीस उमेदवाराविषयी सर्व काही कळण्याची गरज नाही. अमुक मागणीसाठी किती उमेदवार पाठविले आणि त्यांपैकी किती पुढील फेरीत आहेत, एवढी संख्या विक्री-कर्मचाऱ्यास बहुधा पुरते. नावे, वेतनाची अपेक्षा, नकाराची कारणे ही भरती-प्रणालीतच राहावीत.

६. चुकीचे दोन प्रकार

ओळखीच्या निर्णयात दोन प्रकारच्या चुका संभवतात. एकाचे दोन करणे ही पहिली, आणि दोघांचा एक करणे ही दुसरी. पहिलीत संस्थेचे श्रम वाया जातात आणि उमेदवाराची पात्रता विभागली जाते. दुसरीत एकाचा नकार दुसऱ्याच्या नावे लागतो, आणि ज्याच्या नावे तो लागला त्यास त्याचा पत्ताही नसतो. अर्जास उत्तर आले नाही एवढेच त्यास दिसते. कारण विचारावे तरी कोणास, हे त्यास ठाऊक नसते.

परंतु ओळख अचूक ठरूनही हानी होऊ शकते, आणि तिचा विचार सर्वांत कमी होतो. समजा, ग्राहककंपनीतील जो अधिकारी भरतीची मागणी पाठवितो त्यानेच दुसऱ्या कंपनीतील जागेसाठी त्याच संस्थेकडे अर्ज केला आहे. दोन्ही नोंदी त्याच्याच आहेत. सामानाधिकरण्य सिद्ध आहे. तरी या दोन नोंदी एका पडद्यावर आणणे म्हणजे त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट अशा कर्मचाऱ्यापुढे ठेवणे, ज्याचे हित त्याच्या सध्याच्या कंपनीस खूश ठेवण्यात आहे. व्यक्ती एक असली तरी ती ज्या नात्याने बोलली ती नाती दोन आहेत. प्रवृत्तिनिमित्तांचा भेद येथे केवळ व्याकरणाचा राहत नाही.

कायद्यानेही हीच दिशा घेतली आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या विनियमात, एका विशिष्ट हेतूने घेतलेली माहिती त्याच्याशी विसंगत अशा दुसऱ्या हेतूसाठी वापरू नये, असे तत्त्व आहे. भारतात २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमातही विशिष्ट हेतू आणि त्यापुरती संमती यांस महत्त्व असून, माहितीची दुरुस्ती करून घेण्याचा व ती पुसून घेण्याचा अधिकार व्यक्तीस दिलेला आहे. जोडणीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, एका प्रणालीत केलेली दुरुस्ती दुसरीत पोहोचली पाहिजे, आणि एकीतून पुसलेली नोंद दुसरीतून रात्रीच्या आपोआप होणाऱ्या अद्ययावतीकरणात परत येता कामा नये.

७. उपसंहार

या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे की, दोन प्रणालींची जोडणी म्हणजे दोन विधानांची मालिका होय : ही संज्ञा त्या संज्ञेच्या तोलाची आहे, आणि हे नाव त्या नावाच्याच माणसाचे आहे. दोन्ही विधाने खोटी ठरू शकतात, म्हणून दोन्हींबरोबर त्यांचा पुरावा जपला पाहिजे आणि ती मागे घेण्याची वाट मोकळी ठेविली पाहिजे. जेथे विधान खरे आहे तेथेही ते कोणापुढे करावे हा प्रश्न शिल्लक राहतो.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना येथे काम करण्यास पुष्कळ वाव आहे. मराठी आडनावांची रोमन लेखनरूपे प्रदेशवार गोळा करणे, कोणते भेद केवळ लेखनाचे आणि कोणते खरोखर दोन आडनावांचे हे ठरविणे, विवाहोत्तर नामबदलाच्या रीतींची जिल्हावार पाहणी करणे, आणि 'र'च्या द्विविध संकेतांसारख्या स्थळांची यादी तयार करणे, ही कामे विद्यापीठीय विभागांच्या आवाक्यातील आहेत. त्यांसाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. मतदारयाद्या, शाळांचे दाखले आणि गावोगावच्या माणसांशी बोलणे एवढ्यावर प्रारंभ करता येतो. अशी सामग्री हाती असल्यावाचून केलेली जोडणी इंग्रजी नावांच्या नियमांवर चालेल, आणि तिच्यात कोणाची पाने कोणाच्या ग्रंथात बांधली गेली हे सांगणारा कोणी नसेल.